हळदीचं रक्त, भोपळ्याचा फेस: हॅलोविनच्या घरगुती प्रयोगांच्या नोंदी

शनिवार, ५ ऑक्टोबर २०२४

एडिसन, न्यू जर्सी. ३१ तारखेला हॅलोविन; भुतांची सोंगं घेऊन गल्लीतली पोरं चॉकलेटं मागायला येतील तेव्हा गराजसमोर प्रयोगांचं टेबल मांडायचं, असं आमच्या मोठीनं ठरवलं आहे. ती नऊ वर्षांची, धाकटा सहाचा. सोबत मी, आणि सांगलीहून आलेल्या माझ्या सासूबाई. कुणाला घरी हेच करायचं असेल तर उपयोगी पडावं म्हणून तारीखवार लिहिते आहे.

यंदाची अडचण पंचांगातली आहे. महाराष्ट्रात बहुतेकांकडे लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला. इथे मात्र अमावास्या ३१ च्या सकाळी लागून १ च्या सकाळी संपते. म्हणजे संध्याकाळची अमावास्या ३१ लाच मिळते. पहाटे अभ्यंगस्नान, संध्याकाळी पूजा, आणि त्याच वेळी दारात भुतं. वेळापत्रक त्यावरच बेतायचं आहे.

प्रयोग निवडताना एकच चाळणी लावली: मुलाला त्यातली एक गोष्ट स्वतःच्या हातानं बदलून बघता आली पाहिजे. जास्त घातलं तर काय, कमी घातलं तर काय, हे विचारायला जागा हवी. शिवाय सामान किराणा किंवा औषधांच्या दुकानात मिळणारं हवं. ३० टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड, फटाक्यांची दारू असलं काही नाही.

रविवार, ६ ऑक्टोबर. नाचणारी भुतं

टिश्यू पेपरची इंचभर भुतं कापायची, स्केचपेननं डोळे काढायचे, शेपटीचं टोक चिकटपट्टीनं टेबलाला चिकटवायचं. फुगा केसांवर घासून वर धरला की भुतं उभी राहतात. खर्च जवळजवळ शून्य.

सकाळी काहीच झालं नाही. भुतं हलली सुद्धा नाहीत. दोन कारणं सापडली. टिश्यू दुपदरी होता, तो सोलून एकपदरी केल्यावर भुतं हलकी झाली. दुसरं कारण आजींनी सांगितलं: "अगं, आत्ताच तर चंपी केली दोघांची." तेल लावलेल्या केसांवर फुगा नुसता घसरतो, भार साठत नाही. जुना लोकरी स्वेटर काढला, त्यावर फुगा घासला आणि सगळी भुतं एकदम ताठ उभी राहिली.

धाकट्यानं मग घरभर फिरून यादी केली: स्वेटर चालतो, सोफ्याचं कापड बरं चालतं, सुती पंचा चालत नाही, स्टीलचं पातेलं अजिबात नाही. ही यादी माझ्या डोक्यातही नव्हती. हवा इतकी कोरडी आहे की दाराच्या मुठीलासुद्धा झटका बसतो, त्यामुळे हा प्रयोग सध्या उत्तम जमतो. दमट हवेत हा भरवशाचा नाही. पावसाळी दिवशी करायला घेऊ नका.

शनिवार, १२ ऑक्टोबर, दसरा. चमकणारं पाणी

जेवणं झाल्यावर सोनं वाटलं (इथे आपट्याची पानं नाहीत, कागदाची केली) आणि मग टॉनिक वॉटर काढलं. टॉनिक वॉटरमध्ये क्विनाइन असतं, ते अतिनील प्रकाशात निळं चमकतं. बाटलीवर क्विनाइन लिहिलेलं आहे का ते बघून घ्या. साधा सोडा चमकत नाही.

पहिली अतिनील बॅटरी (टॉर्च) नऊ डॉलरची घेतली होती. तिच्यातून जांभळा उजेडच इतका येतो की पाण्याची निळाई त्यात हरवून जाते. डब्यावर ३९५ नॅनोमीटर (म्हणजे प्रकाशलहरीची लांबी) लिहिलं होतं. क्विनाइनला याहून आखूड लहर हवी. ३६५ ची बॅटरी पंधरा डॉलरला मागवली. घेणाऱ्यांनी सरळ ३६५ चीच घ्यावी, त्यात जांभळा उजेड फार कमी असतो. पण म्हणूनच जपायचं: प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे डोळे मिटले जात नाहीत. बॅटरी मुलांच्या हातात द्यायची नाही, कुणाच्या तोंडावर मारायची नाही.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

नवी बॅटरी आली. ग्लासातलं पाणी असं पेटलं की धाकटा खुर्चीवर चढून बघत बसला.

मग मोठीनं टॉनिक वॉटरनं पांढऱ्या कागदावर ब्रशनं नाव लिहिलं, वाळवलं आणि अंधारात धरलं. नाव दिसेना, अख्खा कागदच निळा चमकत होता. छपाईच्या पांढऱ्या कागदात शुभ्रता यावी म्हणून घातलेली द्रव्यं स्वतःच चमकतात. किराण्याच्या तपकिरी पिशवीवर लिहिलं तेव्हा अक्षरं दिसली, पण फिकी. कपडे धुण्याच्या लिक्विड डिटर्जंटमध्येही तीच शुभ्र करणारी द्रव्यं असतात, त्यानं पुठ्ठ्यावर काढलेली कवटी मात्र ठसठशीत उठली. दारावरच्या पाटीसाठी डिटर्जंट पक्कं. ब्रशनंच लावायचं, बोटानं नाही.

त्यानंतर जे घडलं ते या वहीतलं माझं सर्वांत आवडतं. टॉनिक वॉटरचे दोन ग्लास शेजारी ठेवले, एकात चमचाभर साखर, दुसऱ्यात चमचाभर मीठ. दोन्ही फसफसून वर आले, म्हणून ताटलीत ठेवा आणि चिमटीचिमटीनं घाला. फेस बसल्यावर साखरेचा ग्लास होता तसाच निळा. मिठाचा जवळजवळ विझलेला. मुलांचा विश्वास बसेना. बॅटरी बिघडली असेल म्हणून त्यांनी ग्लासांच्या जागा बदलून पाहिल्या. मिठातला क्लोराइडचा भाग क्विनाइनची चमक मारतो. मोठीनं मग पाव चमचा, अर्धा चमचा अशी भुताला हळूहळू घालवायची पट्टी तयार केली. दारात मांडायला हीच पट्टी ठरली. टॉनिक वॉटरचे ग्लास आणि प्यायचे ग्लास वेगळे ठेवायचे, एवढी शिस्त हवी.

शनिवार, १९ ऑक्टोबर. भोपळ्याच्या तोंडून फेस

ठरवलेलं असं: भोपळ्याच्या पोटात बाटली ठेवायची, तिच्यात हायड्रोजन पेरॉक्साइड आणि भांडी घासायचं साबण, वरून कोमट पाण्यात कालवलेलं यीस्ट. यीस्टमधलं कॅटलेज नावाचं विकर (एन्झाइम) पेरॉक्साइड फोडतं, पाणी आणि ऑक्सिजन होतो, साबण त्या ऑक्सिजनचा फेस करतो. आधी भोपळ्याशिवाय, सिंकमध्ये रंगीत तालीम.

औषधांच्या दुकानातलं ३ टक्क्यांचं पेरॉक्साइड, तपकिरी बाटली, दीड डॉलर. अर्धा कप पेरॉक्साइड, एक मोठा चमचा साबण, यीस्टची एक पुडी. निकाल: काहीच नाही. नुसता चिकट गढूळ द्रव. यीस्टसाठी पाणी इलेक्ट्रिक किटलीतून थेट घेतलं होतं. एवढ्या उष्णतेत विकर मरतं. विरजणाला जसं कोमट दूध लागतं तसंच हे. मनगटावर थेंब टाकून पाहिलेल्या पाण्यात दुसरी पुडी भिजवली, पाच मिनिटं थांबलो, आणि फेस वर आला. पण सावकाश, ओघळत. भुताच्या तोंडातून लाळ गळावी इतकाच.

३ टक्क्यांचा हाच वेग आहे. सहा वर्षांच्या मुलाला तो पुरतो, आणि हात लागला तरी फार भीती नाही. पण दारात जमलेल्या दहा पोरांना तो पुरणार नाही.

रविवार, २० ऑक्टोबर

केस रंगवायच्या सामानाच्या दुकानात '२० व्हॉल्यूम' नावाचं द्रव मिळतं, ते म्हणजे ६ टक्क्यांचं पेरॉक्साइड. २० व्हॉल्यूमचा अर्थ एक कप द्रवातून वीस कप ऑक्सिजन. दुकानातल्या बाईंनी आधी क्रीमवालं दिलं, ते परत करून पातळ पारदर्शक घेतलं, कारण दाट क्रीममध्ये यीस्ट नीट मिसळत नाही. सहा डॉलर. ४० व्हॉल्यूमचंही होतं. ते घेतलं नाही, लहान मुलांच्या घरात त्याचं काम नाही.

आजचा फेस बाटलीच्या तोंडातून दोरीसारखा वर आला. बाटलीचं तोंड अरुंद असेल तर उंच जातो, रुंद असेल तर नुसता फुगून पसरतो. मोठीनं तीन वेगवेगळ्या बाटल्यांत हे तपासलं. बाटली बाहेरून गरम लागते, ते तिला फार आवडलं. हातमोजे आणि चष्मा दोघांनाही. पेरॉक्साइड ओतायचं काम माझं, यीस्ट ओतायचं त्यांचं. फेसाला उघड्या हातानं शिवू दिलं नाही, कारण न फुटलेलं पेरॉक्साइड त्यात राहतं आणि कातडी पांढरी पडून चुरचुरते. गालिच्यावर एक थेंब सांडला होता, तिथला रंग उडाला आहे. हे अंगणातच करा.

उरलेल्या ३ टक्क्यांच्या पेरॉक्साइडमध्ये आजींनी भाजीला चिरलेला बटाटा गेला. कच्च्या फोडीवर लगेच बुडबुडे. मोठीनं कुकरमधली उकडलेली फोड आणून टाकली, एक बुडबुडा नाही. काल किटलीच्या पाण्यात यीस्टचं जे झालं तेच इथे बटाट्याचं झालं आहे, हे तिचं तिलाच सुचलं. मी काहीच सांगितलं नव्हतं.

बुधवार, २३ ऑक्टोबर

आज काही केलं नाही. कोरडं इतकं पडलंय की वणव्याचे इशारे येत आहेत. यादीत चहाच्या पिशवीचं उडणारं भूत होतं: चहापत्ती काढून टाकायची, पिशवीची नळी उभी करून वरून पेटवायची, जळत खाली आली की राख हवेत उडते. अंगणात पाचोळ्याचे ढीग असताना ते नको. यादीतून काढलं. ज्यांना करायचं असेल त्यांनी घरात, रिकाम्या सिंकमध्ये, पडदा आणि पंखा लांब ठेवून करावं.

शनिवार, २६ ऑक्टोबर. हळदीचं रक्त

दुकानातलं नकली रक्त एक डबी सात डॉलर, आणि त्यात बघण्यासारखं काही नाही. मोठी म्हणाली आपण करू. आजी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "रक्त कशाला विकत आणायचं? हळदीत चुना घाल, लाल होतं. पूर्वी कुंकू असंच घरी करत."

चुना मुलांच्या हातात द्यायचा नाही, डोळ्यात गेला तर फार वाईट. म्हणून दुसरे क्षार (अल्कली) शोधत दिवस गेला, आणि हा या महिन्यातला सर्वांत भरगच्च दिवस ठरला.

हळदीचा रंग पाण्यात उतरत नाही, नुसता गाळ तळाशी बसतो. जखमेला लावायचं रबिंग अल्कोहोल घेतलं, त्यात दोन चमचे हळद ढवळून अर्धा तास ठेवली. वर नितळ केशरी-पिवळा अर्क आला. तो कॉफीच्या फिल्टर कागदांवर आणि जुन्या चादरीच्या तुकड्यांवर ब्रशनं लावून वाळवला. अल्कोहोल पेटतं, त्यामुळे गॅस बंद आणि खिडक्या उघड्या.

पहिला प्रयत्न खाण्याच्या सोड्याचा. पाण्यात विरघळवून कागदावर शिंपडला. रंग बदलला, पण विटकरी, चहा सांडल्यासारखा डाग. रक्त म्हणवत नाही. मुलं नाराज. खाण्याचा सोडा सौम्य क्षार आहे, हळदीला पुरेसा ढकलत नाही. मग कपडे धुण्याच्या सामानातला धुण्याचा सोडा पाण्यात कालवला. हातमोजे घालून धाकट्यानं पूर्ण पंजा त्यात बुडवला आणि पिवळ्या चादरीवर दाबला. पंजा उचलला तेव्हा खाली लालभडक हात उमटलेला होता. बोटांच्या रेघांमध्ये गडद, तळव्याशी फिकट, आणि मनगटाकडून एक ओघळ सरकत खाली गेला तो जाईल तिथे पिवळ्याचा लाल होत गेला. धाकटा एकदम गप्प झाला. मग म्हणाला, "आजी, हे खरं नाही ना?"

आजींनी व्हिनेगरचा कापूस त्या पंजाच्या करंगळीवर फिरवला. करंगळी पुन्हा पिवळी.

तिथून पुढे दोन तास मला काही करावं लागलं नाही. लिंबू, व्हिनेगर, ताक, साबणाचं पाणी, शॅम्पू, टूथपेस्ट, जे सापडेल ते फिल्टर कागदावर. आंबट वस्तू लालाचं पिवळं करतात, काही साबण पिवळ्याचं लाल करतात, ताटलीतलं मीठ-साखर काहीच करत नाही. मोठीनं वहीत दोन रकाने पाडले.

त्यातलाच एक शोध असा: काच पुसायचं अमोनियावालं द्रव शिंपडलं की कागद लाल होतो आणि पाच-दहा मिनिटांत आपोआप पिवळा व्हायला लागतो. अमोनिया उडून जातो, क्षार राहत नाही. धुण्याचा सोडा उडत नाही, त्यामुळे त्याचं रक्त टिकतं. म्हणजे टिकणारं रक्त आणि नाहीसं होणारं रक्त, दोन्ही. अमोनियाची फवारणी मी केली, दार उघडं ठेवून, आणि ब्लीच त्या खोलीत येणार नाही याची काळजी घेऊन. ही दोन्ही एकत्र आली तर विषारी वायू होतो.

संध्याकाळी दिवे घालवले आणि सहज अतिनील बॅटरी हळदीच्या बाटलीवर मारली. अल्कोहोलमधली हळद हिरवट-पिवळी झगझगीत चमकली. शेजारी पाण्यातली हळद ठेवली तर ती मंद. बाजारात असल्या चमकत्या द्रव्यांच्या नळ्या मिळतात, पण त्यापेक्षा मसाल्याच्या डब्यातली ही बाटली किती तरी सुंदर दिसते.

डाग: ओट्यावरचे अल्कोहोलनं निघाले. नखांचे दोन दिवस राहतील. पांढऱ्या टी-शर्टाचा डाग साबणानं आधी लाल झाला, पाण्यानं खळबळल्यावर पिवळा, उन्हात घातल्यावर बराच फिका पडला. आजींना हे ठाऊक होतं, हळदीचा डाग ऊन खातं.

रविवार, २७ ऑक्टोबर. भोपळा

भोपळा आठ डॉलर. कोरलेला भोपळा चार-पाच दिवसांच्या पलीकडे टिकत नाही, म्हणून आजवर थांबलो. आयर्लंडमध्ये लोक सलगम कोरून आत दिवा ठेवत. तिथून अमेरिकेत आलेल्यांना इथे भोपळा मिळाला. कोरताना मुलांना हे सांगितलं तर मोठीनं मुळा कोरून पाहायचं ठरवलं. मुळा चिरला गेला.

झाकण वरून न कापता मागच्या बाजूनं मोठं भोक केलं. त्यामुळे बाटली आत ठेवता येते आणि माझा हात पुढून दिसत नाही. तोंडाची फट बाटलीच्या तोंडाच्या अगदी समोर हवी, नाहीतर फेस आतच साठतो. आमची फट दोन बोटं खाली आली होती, बाटलीखाली वाटी पालथी घालून आणि बाटली पुढे कलती ठेवून जुळवलं.

आजींनी गर काढून घारगे करायला घेतले. कोरायचा हा भोपळा पाणचट आणि धाग्याधाग्यांचा, गोडी कमी. किसून बराच वेळ आटवावा लागला, गूळ नेहमीपेक्षा जास्त. घारगे झाले चांगले, पण खायचा भोपळा वेगळा आणणं सोपं. बिया मीठ लावून भाजल्या.

चार फोडी झिपच्या पिशव्यांत बंद केल्या: एक साधी, एक मिठात घोळलेली, एक व्हिनेगरमध्ये बुडवलेली, एक तेल चोळलेली. कुठली आधी कुजेल यावर मुलांच्या पैजा आहेत. धाकट्याची तेलावर, कारण लोणचं तेलात टिकतं.

बुधवार, ३० ऑक्टोबर. ड्राय आइस

ड्राय आइस म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. किराण्याच्या मोठ्या दुकानात गल्ल्याजवळच्या पेटीत मिळतो, विचारावं लागतं, आणि मोठ्या माणसालाच देतात. पाच पाउंड घेतला, पाउंडाला दोन डॉलर. गाडीच्या काचा उघड्या ठेवून आणला, थर्मोकोलच्या पेटीत ठेवला, झाकण सैल. फ्रीजरमध्ये ठेवायचा नाही. तो उणे ७८ अंशांवर असतो, आणि थेट वायू होत असल्यामुळे घट्ट बंद भांड्यात ठेवला तर भांडं फुटतं. मुलांना एकच नियम: चिमटा आणि जाड हातमोजा माझ्याकडे, त्यांनी शिवायचं नाही.

गुरुवार, ३१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन आणि हॅलोविन

पहाटे उटणं, आंघोळ, फराळ, आणि शाळा.

दुपारी पेटी उघडली तर पाच पाउंडांतला ओंजळभर उरला होता. ड्राय आइस आदल्या दिवशी आणूच नये, ज्या दिवशी लागणार त्याच दिवशी दुपारी आणावा. त्यात आज ऑक्टोबरच्या शेवटी न शोभणारा उकाडा, लोक अर्ध्या बाह्यांत फिरताहेत. पहिल्या दुकानातला संपला होता, दुसऱ्यात मिळाला. दहा डॉलर आणि दुपारचा दीड तास गेला.

दुसरी अडचण उजेडाची. लहान मुलं चार वाजल्यापासून यायला लागतात, सूर्यास्त इथे सहाला पाच-सात मिनिटं कमी असताना, आणि तीच पूजेची वेळ. चमकणारं काहीही उजेडात दिसत नाही. यावर उपाय आधीच केला होता: पार्सलच्या मोठ्या खोक्याला आतून काळा कागद, पुढे डोळे लावायला भोक, बाजूला बॅटरीसाठी भोक. बॅटरी वरून खाली तोंड करून पक्की बसवली, म्हणजे डोळ्यांत जात नाही. खोक्यात मिठाच्या पट्टीचे ग्लास आणि हळदीची बाटली. भर दुपारी चालतं.

पुढच्या दारात रांगोळी आणि पणत्या, रक्ताची चादर गराजमध्ये. आजींचं म्हणणं होतं की आजच्या दिवशी उंबऱ्यापाशी रक्त नको, आणि मला ते पटलं. गराज तसाही सोयीचा: वरचं दार पूर्ण उघडं, त्यामुळे ड्राय आइसचा वायू साठत नाही. तळघरात हे करू नका, हा वायू जड असतो, खाली साठतो.

ड्राय आइसचा धूर म्हणजे तो वायू नव्हे, तो दिसत नाही. दिसतात ते गारठलेल्या हवेतले पाण्याचे बारीक थेंब. म्हणून गरम पाणी घातलं की धूर दाट येतो, आणि पाणी गार झालं की थांबतो. थर्मासमध्ये गरम पाणी तयार ठेवलं होतं, दर काही मिनिटांनी बदललं. भुताचा गोळा असा केला: वाडग्याची कड साबणाच्या पाण्यानं ओली, टी-शर्टाची पट्टी त्याच पाण्यात भिजवून कडेवरून एका दमात ओढायची. कड कुठेही कोरडी राहिली की पडदा फुटतो. जमला की धुराचा पांढरा घुमट फुगत जातो, फुटतो आणि टेबलावरून खाली वाहतो. तुकडे सुपारीएवढेच घ्या. मोठा तुकडा घातला तर घुमट फुगायच्या आधीच फुटतो.

पूजेसाठी टेबल अर्धा तास बंद ठेवलं. तेवढा वेळ ड्राय आइसची पेटी गाडीच्या मागे, मुलांपासून लांब. प्रसादानंतर पुन्हा गराज.

भोपळ्याचा फेस दोनदा काढला. आरडाओरडा सगळ्यात मोठा त्यालाच. पण तो अर्ध्या मिनिटात संपतो, आणि पुढची तयारी दहा मिनिटांची. हळदीच्या कागदांपाशी मात्र पोरं हलेनात. एका बाजूला धुण्याच्या सोड्याचा ब्रश, दुसऱ्या बाजूला लिंबाची फोड, हातात पिवळा कागद. समोरच्या घरातला एक मुलगा चॉकलेटांची पिशवी जमिनीवर ठेवून तिथेच बसला, त्याच्या आईनं दोनदा हाक मारली. मोठी प्रत्येकाला सांगत होती, "पिवळं करायचं असेल तर लिंबू शोध." पुढच्या वर्षी फेस एकदाच, हळदीची टेबलं दोन.

शनिवार, २ नोव्हेंबर

आवराआवर. २० व्हॉल्यूमचं उरलेलं पेरॉक्साइड मूळ बाटलीतच, झाकण घट्ट, वरच्या कपाटात. दुसऱ्या बंद बाटलीत ओतून ठेवू नका, त्यात कचरा गेला तर वायू साठतो. भोपळा साबण धुऊन कंपोस्टमध्ये.

एकूण खर्च साधारण सत्तर डॉलर. त्यातले वाया गेले ते: ३९५ ची बॅटरी आणि पहिला ड्राय आइस, मिळून एकोणीस. हळदीच्या टेबलाचा सगळा खर्च धरून नऊ.

रविवार, १० नोव्हेंबर

पिशव्यांचा निकाल. साध्या फोडीवर काळी-पांढरी बुरशी, पिशवीत पाणी सुटलेलं. तेलाची फोडही बुरशीली, थोडी उशिरा. धाकटा पैज हरला आणि लोणच्यात मीठ किती असतं हे आजींना विचारायला गेला. मिठाची फोड आक्रसून अर्धी झाली आहे, भोवती खारट पाणी, बुरशी नाही. व्हिनेगरमधली रंगानं फिकी, पण जशीच्या तशी.

या ऑक्टोबरात न्यू जर्सीत जवळजवळ पाऊसच पडला नाही. १८९५ पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा महिना निघाला. टिश्यूची भुतं इतकी चांगली का नाचली ते कळलं. पुढच्या वर्षी ओल असेल तर फुग्याचा प्रयोग हीटर लावलेल्या खोलीत करावा लागेल.

बुरशीच्या पिशव्या उघडायच्या नाहीत. बंदच बाहेरच्या कचऱ्यात टाकल्या. मिठाची आणि व्हिनेगरची आणखी दोन आठवडे खिडकीत राहतील.